लंकाचं ताट

२ जुलै २००२

ही डायरी जानेवारीत कंपनीला माल पुरवणाऱ्या एकाने दिली होती. सहा महिने कोरीच पडली होती. आज लिहायला घेतली, कारण जे पाहिलं ते कुणाला सांगावं हे कळेना.

पहिली पाळी करून घरी आलो. पाऊस उघडला होता म्हणून गच्चीवर टाकी बघायला गेलो. टाकी आणि भिंतीच्या मधल्या सांदीत भाताचे गोळे ठेवलेले दिसले. एका ओळीत. काही वाळून दगड झालेले, काही कालचे असावेत. मुठीत दाबून केलेले, बोटांच्या खुणा जशाच्या तशा. आईच्या दहाव्याला मी स्वतःच्या हाताने असे गोळे केलेत. ते पिंड होते. एकालाही कावळ्याने चोच लावलेली नव्हती.

सविताला विचारलं. ती म्हणाली, "मी कशाला ठेवू? पोरांनी खेळात केले असतील." पल्लवी आत अभ्यास करत होती. तिला विचारलं नाही. बारावीचं वर्ष, उगाच घाबरेल.

गोळे पिशवीत भरून नासर्डी नदीत सोडून आलो. हात जोडले. कुणाचे ते माहीत नाही, तरी जोडले.

९ जुलै

आज पल्लवीने मांडे केले. मे महिन्यात कळवणच्या लग्नाहून आल्यापासून तिला स्वयंपाकाचा नाद लागला आहे. आईला ओट्याजवळ उभं राहू देत नाही. आम्ही जेवायला बसलो की समोर बसून बघते. माझ्या हातातल्या घासाबरोबर तिची नजर माझ्या तोंडापर्यंत येते आणि घास गिळला की खाली जाते. तिला म्हटलं, "तूही बस." म्हणाली, "मी करता करता खाल्लं, पप्पा."

सविता म्हणते, पोरगी शहाणी झाली. मलाही बरं वाटलं. त्या लग्नात माझी थोरली बहीण अक्का पंगतीत सगळ्यांसमोर तिला म्हणाली होती, "काय गं, एकटीच दोघींचं जेवती का?" सगळे हसले. पल्लवीसुद्धा हसली. मुलीच्या जातीने असं हसण्यावारी न्यावं, ते तिला जमलं.

२१ जुलै

एवढ्या दमट हवेत पल्लवी स्वेटर घालून बसते. हात लावला तर गार. दिवेलागणीला गच्चीवर फेऱ्या मारते, जिना चढते, उतरते, पुन्हा चढते. जिना मागच्या अंगणातून आहे, त्यामुळे तिची पावलं स्वयंपाकघरात ऐकू येतात. ती पावलं थांबली की मीही उगाच हातातलं काम थांबवतो.

क्लासच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी तिचे हात थरथरत होते. पेन धरता येईना. "मला काहीच येत नाही" म्हणून रडली. दहावीला शाळेत दुसरी आलेली मुलगी.

आज खिडकीतून उजेड तिच्या तोंडावर पडला तेव्हा मी दचकलो. गालाची हाडं वर आलेली, डोळे खोल. ते तोंड मी ओळखतो. लंकाचं.

लंका माझी धाकटी बहीण. बहात्तरच्या दुष्काळात गेली तेव्हा पल्लवीएवढीच होती. खडी फोडायच्या कामावर सगळ्यांना खायला सुकडी मिळायची. ती आपली सुकडी पदरात बांधून घरी आणायची आणि लहान भावंडांच्या हातावर ठेवायची. "मी तिथंच खाल्ली" म्हणायची. पुढे तापाचं निमित्त झालं. जाताना अंगावर काही उरलं नव्हतं.

२८ जुलै

आज कपाटात रेनकोट शोधत होतो. माझ्या जुन्या कोटाच्या बाहीत चपात्या सापडल्या. चौकोनी घड्या घालून आत सरकवलेल्या. बुरशी आली होती. कुंडीतल्या तुळशीला मुंग्या लागल्या आहेत. माती उकरली तर वरणाचा वास आला.

हे माणसाचं काम वाटत नाही. माणूस अन्न घेतो ते खायला. हे कुणीतरी लपवून साठवून ठेवतंय, पुन्हा मिळेल की नाही अशा भीतीने.

अक्काला निरोप पाठवला आहे.

४ ऑगस्ट

अक्का आली. दारात पाय धुतानाच तिने पल्लवीला पाहिलं आणि तांब्या खाली ठेवला. घरात येऊन बसली. मग मला म्हणाली, "धना, ही लंका हाय."

"असं काय बोलतेस."

"मी धाकटीला कडेवर वागवली. मला नको शिकवू. तेच डोळे, तेच गार हात. उपाशी गेली ती पोर. आता हिच्या रूपानं जेवाया मागती, अन् तुमाला कळंना."

सविता म्हणाली, "आक्का, अभ्यासाचं टेन्शन असेल हो. शेजारच्या खुर्शीदाभाभी म्हणत होत्या, डॉक्टरला दाखवा."

"दाखव की. डॉक्टरला तुज्या नणंदेचं नाव तरी ठाव हाय का?"

आमच्या घराण्यात उपाशी गेलेल्याच्या नावाने ताट मांडतात. मी शहरात आल्यावर ते सुटलं. अक्काने सगळं पुन्हा सांगितलं. दिवेलागणीला मागच्या खोलीत पाट मांडायचा. घरात जे शिजलं असेल ते सगळं वाढायचं. नाव घेऊन हाक मारायची, "ये, जेव." मग दार ओढून घ्यायचं. कुणी डोकवायचं नाही, कुणी ऐकायचं नाही, किती खाल्लं म्हणून विचारायचं नाही. सकाळी उरलेलं गाईला घालायचं.

"डोकवायचं का नाही?" पल्लवीने विचारलं. ती दाराशी कधी येऊन उभी राहिली कुणास ठाऊक.

अक्का म्हणाली, "जेवणाराला लाज वाटती, बाय."

पल्लवी बराच वेळ तिथेच उभी होती.

१२ ऑगस्ट

पहिले दोन दिवस ताट जसंच्या तसं होतं. तिसऱ्या दिवशी भात एका बाजूने कोरल्यासारखा झालेला. आज सकाळी ताट रिकामं. मांजराने सांडलवंड केली असती, उंदराने लेंड्या टाकल्या असत्या. तसं काही नाही. बोटाने पुसून घ्यावं तसं स्वच्छ.

मी ताट हातात घेऊन तिथेच बसलो. तीस वर्षांनी माझी बहीण जेवली. देवा, तुझे उपकार.

२६ ऑगस्ट

ताट रोज रिकामं होतं आहे. एक गोष्ट लिहून ठेवतो. तूप लावलेली पोळी राहते, कोरडी जाते. गोडाला हात लागत नाही. लंकाला तूप आवडत नव्हतं असं काही आठवत नाही. आमच्याकडे तूप होतंच कुठे.

पल्लवीची कळा थोडी सुधारली आहे. परवाच्या परीक्षेत हात थरथरले नाहीत. आमच्या पंगतीला मात्र अजून बसत नाही, आणि हल्ली एकदम गप्प असते. सविता म्हणते, संध्याकाळी तिला गच्चीवर हाक मारली तर ओ येत नाही. मी म्हटलं, फेऱ्या मारताना पाढे-सूत्रं घोकत असेल.

आज मीही नेम मोडला. दार ओढल्यावर लगेच निघालो नाही, देवघराशी वाती करत बसलो. मागच्या खोलीतून आवाज आला. अगदी हलका, एकीने बोलावं आणि मग दुसरीचं ऐकून घेण्यासाठी थांबावं असा. शब्द कळले नाहीत. एकदा मात्र स्पष्ट ऐकू आलं, "हे माझं नाहीये. हे तिचं आहे."

वाती तशाच टाकल्या. नामस्मरण करत उठून बाहेर गेलो.

१० सप्टेंबर

गणपती बसले. खुर्शीदाभाभी प्रसादाला आल्या होत्या. सलीमभाई माझ्याच कंपनीत आहेत, भिंतीला भिंत लागून घर, त्यामुळे भाभींचा आम्हाला धाक आहे. त्यांनी पल्लवीचा हात धरला, बाही वर केली आणि मला बोलावलं.

"भाई, इधर आओ. हे बघितलं का? अंगावर लव बघा. चिमणीच्या पिल्लासारखी. मनगट माझ्या दोन बोटांत मावतंय."

"उपासतापास करते हो, भाभी. वयच तसं आहे."

"आमच्यात रोजे आम्ही पण धरतो. पण शाम को खाते हैं ना! ही कधी खाते ते सांगा." मग पल्लवीला म्हणाल्या, "बेटा, माझ्याकडे चल, खिचडा खिलाती हूँ."

पल्लवी हसली. "खाल्लं मी, भाभी."

भाभी गेल्यावर मी आठवून पाहिलं, ही कधी खाते. रात्रपाळीच्या आठवड्यात मी घरी नसतो, सविताने पाहिलं असेल. सविताला विचारलं. तिला वाटत होतं मी पाहिलं असेल.

६ ऑक्टोबर, सर्वपित्री

अक्का आजच्यासाठी मुद्दाम आली. तिने ताट पाहिलं, सविताला सगळं विचारलं आणि म्हणाली, "पोट भरलं तिचं. आता वाटे लावायचं."

पल्लवीने एकदम विचारलं, "म्हणजे उद्यापासून ताट नाही?"

"नाय. जास्त दिस ठिवलं तर सवय लागती. मग जात नाय."

"मोठी आत्या, अजून थोडे दिवस राहू द्या ना. दिवाळीपर्यंत तरी."

"येडी का काय! मेलेल्या माणसाला दिवाळीचं आवतण देती का कुणी?"

पल्लवी मागच्या खोलीच्या दारात दोन्ही हात चौकटीला लावून उभी राहिली. ओठ पांढरे पडले होते. मी तिला समजावलं, की आत्याची तृप्ती झाली, तिला अडकवून ठेवणं हे पाप आहे. ती बाजूला झाली. मला वाटलं, किती माया ही, न पाहिलेल्या आत्याची.

गोदावरीवर शेवटचं ताट सोडलं आणि मागे वळून न बघता आलो. येताना सारखं वाटत होतं की मागून कुणीतरी येतंय. अक्कालाही वाटलं असावं. ती भरभर चालत होती.

८ ऑक्टोबर

काल घट बसले. मी दरवर्षी नऊ दिवस धरतो. पल्लवी म्हणाली, मीही धरते, नुसत्या पाण्यावर. सविता नको म्हणत होती. मीच म्हटलं, गडावरची आई सांभाळून घेईल. आमच्या घरातली भक्ती पुढच्या पिढीत उतरली म्हणून मनातून सुखावलो.

१० ऑक्टोबर

दिवेलागणीला मागच्या खोलीचं दार अर्धं उघडं दिसलं. आत पल्लवी बसली होती. अंधारात. समोर रिकामा पाट. अंगणातला दरवाजा, जिन्याकडचा, तोही उघडा होता. ती पाटाकडे बघत होती आणि मान हलवत होती, नाही, नाही, अशी. कुणीतरी काहीतरी समजावत असावं आणि हिने ऐकत राहावं, असं.

मी हाक मारणार होतो. कुणाच्या नावाने हाक मारावी हेच क्षणभर कळेना.

१३ ऑक्टोबर

सकाळी पल्लवी जिन्यात पडली. मी कामावर होतो. खुर्शीदाभाभींनी तिला उचललं, रिक्षात घातलं. त्या नंतर सविताला म्हणाल्या, "उचलायला जोर लावला आणि मीच मागे पडले असते. काही वजनच नव्हतं."

दवाखान्यात आहोत. हृदयाचे ठोके फार हळू पडतायत म्हणाले. आम्ही बाहेर बाकावर. सविता माझ्याशी बोलत नाही.

१५ ऑक्टोबर

तिथल्या बालरोगाच्या डॉक्टरांनी मनाच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. वयस्क बाई, सावकाश बोलणाऱ्या. त्यांनी सविताला बाजूला घेऊन विचारलं तेव्हा कळलं की मे महिन्यापासून पोरीची पाळी आलेली नाही. सविताला माहीत होतं. अशक्तपणा समजून ती खजूर आणून देत होती. खजूर कुठे जात होते ते आता मला माहीत आहे.

मग त्यांनी पल्लवीला विचारलं, मी पायाशी उभा होतो. "ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तू थोडं तरी खात होतीस. नाहीतर इथवर आली नसतीस. काय खात होतीस?"

पल्लवीने माझ्याकडे पाहिलं. मग छताकडे.

"आत्याच्या ताटातलं."

मी लोखंडी कॉट धरली.

"तेच कसं चालत होतं?" बाईंनी विचारलं, जणू रोजचाच प्रश्न असावा.

"ते माझं नव्हतं म्हणून. माझ्या ताटातलं खायला लागले की ती बोलते. प्रत्येक घासाला बोलते. तू किती खातेस, तुला लाज नाही, तू नापास होशील, सगळे हसतील. आत्याचं होतं तेव्हा मी तिला सांगायचे, हे माझं नाहीये. मग ती थोडा वेळ गप्प बसायची."

"ती कोण?"

"माहीत नाही. माझ्याच आवाजात बोलते."

बाहेर आल्यावर बाई मला म्हणाल्या, "हे बाहेरचं काही नाही. आजार आहे, आणि या वयात तो एकटा येत नाही. हिला भीती आहे, आतून फार उदास आहे, आणि खाणं तुटलंय. पोटात अन्न नसलं की मन जास्त घाबरतं, आणि घाबरलेलं मन अन्न नको म्हणतं. तिन्हींवर एकदमच उपचार करावे लागतील. वेळ लागेल. औषधं देईन, बोलायला आणा. पण आधी ती जगली पाहिजे, म्हणजे जेवली पाहिजे."

मी विचारलं, "ताट पुन्हा मांडू का? त्यातलं खाते."

त्या विचार करून म्हणाल्या, "मांडा. पण मेलेल्याच्या नावाने किती दिवस जेवेल ती?"

मी देवळात गेलो नाही. पायरीपर्यंत जाऊन परत आलो.

२० ऑक्टोबर

अक्का दवाखान्यात आली. तिच्याबरोबर गावाकडचा भिकन होता, मोटारीची सोय करून आलेला. तिकडे डोंगरात एक भगत आहे म्हणे, पोरीला आजच न्यायचं.

"डॉक्टरीणबाईला काय कळतं आपल्या घरातलं?" अक्का म्हणाली. "लंका गेली नाय अजून. तीच बोलती तिच्या कानात."

सविता उठून दारात उभी राहिली. पहिल्यांदाच ती अक्काला 'आक्का' न म्हणता बोलली. "माझी पोर इथून हलणार नाही. घेऊन जायचं असेल तर मला आधी न्या."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी आयुष्यभर अक्काचा शब्द मोडला नाही. पण पाच दिवस माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, ती बोललो.

"अक्का, लंकानं कधी कुणाच्या तोंडचा घास काढला होता का?"

अक्काने पदर तोंडाला लावला. "नाय रे. सोताचा दिला तिनं. मलाबी दिला."

"मग जी या पोरीला खाऊ नको म्हणते, ती लंका नाही."

"मंग कोण?"

अक्का हळूच खाली बसली. दोन महिने रोज संध्याकाळी पाट मांडून आम्ही नावाने हाका मारत होतो. बहिणीच्या नावाने. पाटावर येऊन बसत होती पल्लवी, आणि तिच्या शेजारी तिला खाऊ न देणारं ते जे काही आहे ते. ताट मी वाढत होतो, आणि डोकवायचं नाही हा नेमही मीच पाळत होतो.

भिकनला परत पाठवलं. अक्का राहिली. पल्लवीच्या तळपायांना तेल लावत बसली होती. तिला जेव म्हणाली नाही, हे विशेष.

२ नोव्हेंबर

काल घरी आणलं. नळीतून जेवण बंद झालं आहे. बाईंनी सांगितलं, थोडं थोडं, ठरल्या वेळी, कुणीतरी जवळ बसून. किती खाल्लं ते बोलायचं नाही, चांगलं म्हणून कौतुकही करायचं नाही. आज सकाळचं दूध तिने घेतलं. दुपारचं परत केलं. ताटली भिंतीकडे सरकवून "मला नका बघू" म्हणून ओरडली, मग तासभर रडली. सविताही आत जाऊन रडली.

दिवेलागणीला मी मागच्या खोलीतला दिवा लावला. अंगणातला दरवाजा आतून बंद केला. पाट मांडला, मऊ भात, वरण, थोडी भाजी वाढली. मग दारात उभा राहून हाक मारली. या खोलीत मी दुसरंच नाव घेत आलो होतो.

"पल्लवी, ये. जेव."

ती आली. दारातच थांबली. "पप्पा, हे कुणाचं?"

"तुझं."

"आत्याचं म्हणा ना. आजच्या दिवस."

म्हणावंसं वाटलं. फार वाटलं. म्हणालो असतो तर ती जेवली असती, आणि उद्याही तेच म्हणावं लागलं असतं.

"तुझंच आहे, बाळा."

ती बसली. मी दार ओढलं नाही. तिच्या शेजारी जमिनीवर बसलो, तोंड भिंतीकडे करून, म्हणजे तिला बघितल्यासारखं होऊ नये. शेजारी सलीमभाईंचा टीव्ही चालू होता. मग तिचा श्वास जोरात यायला लागला.

"ती ओरडतेय, पप्पा."

"काय म्हणते?"

"नको म्हणते. उठ म्हणते. तुम्हालाही काहीतरी म्हणते."

माझ्या पाठीवरून गार काहीतरी गेलं. बाई आजार म्हणतात. मी त्यांचं खरं मानतो. तरी मागे वळून बघायची माझी हिंमत नव्हती.

"तिला सांग, पप्पा बसलेत इथं. उठणार नाहीत."

तिने सांगितलं की नाही माहीत नाही. ताटाचा आवाज झाला. मग खूप वेळाने, घोटभर पाणी प्यावं तसा गिळल्याचा आवाज. मी भिंतीचा रंग बघत राहिलो. वरण पार निवलं असणार म्हणून सविता दारात आली, वाटी उचलून नेली आणि गरम करून पुन्हा आणून ठेवली. पल्लवी रडत होती, पण तिने वाटी दूर सारली नाही.